फलटणचीं देवस्थानें

सातारा जिल्ह्याच्या ईशान्य भागांत बाणगंगेच्या कांठीं वसलेलें फलटण हें गांव सामान्य वाचकास दोन कारणांनीं ठाऊक असतें. तें निंबाळकरांच्या राज्याची राजधानी होतें, आणि शिवछत्रपतींच्या पत्नी सईबाई ह्यांचें तें माहेर. शालेय पुस्तकांत ह्यापलीकडे फलटणचा उल्लेख क्वचितच येतो. परंतु ज्यास येथील लोकांचा सातआठशें वर्षांचा इतिहास समजून घ्यावयाचा आहे, त्यानें राजघराण्याची वंशावळ थोडा वेळ बाजूस ठेवून गांवांतील देवळांतून हिंडावें. शैव, वैष्णव, महानुभाव आणि जैन अशा चारहि संप्रदायांचीं स्थानें ह्या एका गांवांत आहेत, आणि त्यांपैकीं कोणतेंहि एक दुसऱ्यावांचून पुरतें उलगडत नाहीं.

देवाचें दर्शन घेणें आणि देऊळ पाहणें ह्या दोन गोष्टी आपल्याकडे सहसा एकत्र होत नाहींत. भाविकाची दृष्टि गाभाऱ्याकडे असते. वहाणा काढून तो आंत शिरतो, घंटा वाजवितो, हात जोडतो आणि तीर्थ घेऊन बाहेर पडतो. चौकटीवर काय कोरलें आहे, खांब कोणत्या घडणीचे आहेत, इकडे त्याचें लक्ष जात नाहीं. त्यांत त्याचा दोष आहे असेंहि नाहीं, कारण तो तेथें अभ्यासाकरितां गेलेलाच नसतो. उलट अभ्यासक दाराशींच इतका रेंगाळतो कीं पुजाऱ्यास संशय यावा! फलटणांत मात्र दाराशीं थांबल्यावांचून गाभाऱ्याचा अर्थ लागत नाहीं.

जबरेश्वराचें देऊळ हें ह्याचें पहिलें उदाहरण होय. गांवाच्या भर वस्तींतील हें दगडी देऊळ यादवकालीन असून तशा इतर देवळांप्रमाणें लोक त्यास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्रि अथवा हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र ह्या दोन यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याच्या जन्मापूर्वीं शंभर-दीडशें वर्षें उभीं राहिलेलीं देवळेंहि महाराष्ट्रानें त्याच्याच खातीं जमा केलीं आहेत. इतकें यश दुसऱ्या कोणा मंत्र्याच्या वांट्यास क्वचितच आलें असेल. ह्या घडणीचें मर्म असें कीं, तासलेले दगड चुन्यावांचून एकमेकांत बसवावयाचे, आणि वरच्या दगडाच्या भारानेंच खालचा दगड जागच्या जागीं राहावयाचा.

जबरेश्वराच्या गाभाऱ्यांत महादेवाची पिंड आहे, आणि पूजाअर्चा सर्व शैव पद्धतीची आहे. परंतु दाराच्या वरच्या पट्टीच्या मध्यभागीं, शिल्पशास्त्रांत ज्या जागेस ललाटबिंब म्हणतात तेथें, जैन तीर्थंकराची मूर्ति असल्याचें अभ्यासकांनीं नोंदविलें आहे. ललाटबिंब म्हणजे देवळाच्या कपाळावरचा टिळा. टिळ्यावरून जसा मनुष्याचा संप्रदाय ओळखावा, तसा ललाटबिंबावरून आंतील देव ओळखावा, असा स्थपतींचा संकेत होता. शिवमंदिराच्या दारावर गणपति असावा, विष्णुमंदिराच्या दारावर गरुड किंवा लक्ष्मी असावी. तेथें तीर्थंकर बसला असेल, तर तें देऊळ प्रथम जिनालय म्हणून बांधलें गेलें आणि पुढें महादेवाचें झालें, हेंच अनुमान सरळ ठरतें. अभ्यासकांनीं तें तसें केलेंहि आहे.

येथें वाचकाच्या मनांत लागलीच एक प्रश्न उभा राहतो. मग हें देऊळ खरें कोणाचें? हा प्रश्न आजच्या काळाचा आहे. ज्या काळीं हें देऊळ बांधलें गेलें त्या काळचे राजे तो ह्या स्वरूपांत विचारीत नसत. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यांतील गंडरादित्यानें मिरजेच्या प्रांतांत एक मोठें तळें बांधविलें, आणि त्याच्या कांठीं शिव, बुद्ध आणि जिन ह्या तिघांचीहि स्थापना करून तिघांसहि जमिनी तोडून दिल्या, असें शके १०३२ च्या, म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटांत लिहिलेलें आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथें शके १०६३ च्या शिलालेखांत सेऊणचंद्र ह्या यादव राजानें चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिरास दिलेल्या दानाची नोंद आहे. यादवांचें घराणें स्वतः वैष्णव म्हणविणारें; परंतु दानाच्या वेळीं त्यानें हात आंखडला नाहीं. ह्याचा अर्थ त्या काळीं सर्वत्र सलोखाच नांदत होता, असा मात्र कोणी करूं नये. कर्नाटकांत आजच्या हावेरी जिल्ह्यांत अब्बलूर येथें एकांतद रामय्या ह्या शिवभक्ताची कथा दगडावर कोरलेली आहे. त्यानें जैनांशीं पैज लाविली आणि ती जिंकून त्यांची मूर्ति फोडली, अशी ती कथा. म्हणजे दोन्ही प्रकार घडत होते. जबरेश्वराच्या दारावरची मूर्ति शाबूत राहिली ही गोष्ट म्हणूनच लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्यांनीं आंत पिंड बसविली त्यांच्या हातीं छिन्नीहि होती; त्यांनीं ती दारावर चालविली नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार दूरच्या एका देशांत घडला, आणि तोहि थेट सरकारी हुकुमानें. जपानांतील क्योतो हें नगर इ. स. ७९४ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे हजारांहून अधिक वर्षें, सम्राटांची राजधानी होतें. तेथें बुद्धाचीं मंदिरें आणि शिंतो देवतांचीं स्थानें शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. जपानी लोकांनीं ह्या दोन दैवतमंडळांचा असा मेळ घातला होता कीं, एकाच आवारांत दोघांची पूजा चाले. नगरांतील गिओन नांवाचें प्रसिद्ध देवस्थान घ्या. ‘गिओन’ हें बुद्धाच्या जेतवन विहाराचेंच जपानी नांव. त्या विहाराचा रक्षक मानलेली एक देवता तेथें पूजिली जाई, आणि तीच शिंतो देव सुसानो हाहि आहे, अशी लोकांची समजूत होती. १८६८ सालीं मेइजी सरकारानें आज्ञा काढिली कीं, शिंतो तेवढें एकीकडे आणि बौद्ध तेवढें दुसरीकडे. हें देवस्थान त्या वर्षीं शिंतो ठरलें, त्याचें जुनें नांव जाऊन यासाका हें नांव आलें. देशभर कित्येक मूर्ति, घंटा आणि पोथ्या त्या विभागणींत नष्ट झाल्या. आज तेथें जाणाऱ्या प्रवाशास हें मंदिर बौद्धांचें आणि तें शिंतोचें, असें स्वच्छ सांगतां येतें. परंतु ती स्वच्छता दीडशें वर्षांपूर्वीं फर्मानानें आणलेली आहे, हें त्यास क्वचितच कोणी सांगतो.

फलटणास असें फर्मान कोणी धाडलें नाहीं. मात्र आपल्याकडे दाराची साक्ष पुसून टाकण्यास फर्मानाची गरज लागत नाहीं. शेंदराचे थरावर थर चढविणें, कोरीव खांबांस तैलरंग फासणें, आणि जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या शिळांवर सिमेंटाचा गिलावा देणें हे प्रकार महाराष्ट्रांतील अनेक यादवकालीन देवळांत श्रद्धेनेंच झाले आहेत. ललाटबिंब एकदां रंगाखालीं गेलें म्हणजे त्या देवळाचा पूर्वेतिहासहि त्याबरोबर गेला, कारण दुसरा लेख बहुधा नसतोच.

महानुभावांच्या स्थानांकडे वळलें म्हणजे दर्शनाची कल्पनाच पालटते. ह्या पंथांत पांच अवतार मानितात: द्वारकेचे श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणि, श्रीगोविंदप्रभु आणि श्रीचक्रधर. ह्यांपैकीं चक्रपाणि, ज्यांस चांगदेव राऊळ असेंहि म्हणतात, त्यांचा जन्म फलटणास झाला. पिता जनकनायक, माता जनकाइसा; घराणें कऱ्हाड्या ब्राह्मणांचें. तरुणपणीं संसार सोडून ते माहुरास गेले. तेथें डोंगरांत श्रीदत्तात्रेयांनीं व्याघ्राच्या वेषांत येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेविला, आणि तोच त्यांस झालेला अनुग्रह, असें पंथाचे ग्रंथ सांगतात. पुढें ते द्वारकेस राहिले. तेथें त्यांनीं काय केलें? मठ बांधिला नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं. हातांत खराटा आणि सूप घेऊन ते नगराचे रस्ते झाडीत, आणि केर सुपांत भरून टाकीत. कोणा भाग्यवंताच्या मस्तकीं तेंच सूप ठेवून किंवा तोच खराटा मारून ते विद्या देत, अशी कथा आहे. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभु त्यांच्याकडूनच शक्ति घेऊन आले, आणि चक्रपाणींनीं देह ठेवून गुजराथेंतील एका प्रधानपुत्राच्या मृत देहांत प्रवेश केला, तेच चक्रधर, असें पंथीय मानितात. एवढ्या मोठ्या परंपरेचें एक मूळ फलटणाच्या मातींत आहे, ही गोष्ट बाहेरच्या लोकांस फारशी ठाऊक नाहीं.

ती ठाऊक नसण्याचें कारणहि पंथाच्या इतिहासांतच आहे. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ नांवाच्या सांकेतिक लिपींत लिहून ठेविले, आणि सहाशें वर्षें ते परक्याच्या दृष्टीस पडूं दिले नाहींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे आणि महाराष्ट्र-सारस्वताचे कर्ते भावे ह्यांच्यासारख्या संशोधकांच्या हातीं त्या लिपीची किल्ली आली, तेव्हां लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ उजेडांत आला. त्या वाङ्मयांत स्थानपोथी नांवाचा एक ग्रंथ आहे. प्रभु कोठें बसले, कोठें जेवले, कोठें निजले, त्या देवळाचें दार कोणत्या दिशेस होतें, ओटा कोठें होता, हें त्यांत गांवोगांवचें टिपून ठेविलें आहे. यात्रेकरूंसाठीं लिहिलेली इतकी चोख वाटाडी पोथी त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या देशी भाषेंत असेल कीं नाहीं, ह्याची शंकाच आहे.

ह्या पंथाच्या स्थानांवर मूर्तीपेक्षां जागेस मान आहे. जेथें अवताराचा चरण लागला तेथें एक ओटा बांधलेला असतो, आणि भाविक त्या ओट्यावर मस्तक ठेवितो. फलटणांत चक्रपाणींच्या जन्मस्थानास आबासाहेबांचें मंदिर म्हणून लोक ओळखतात. त्याशिवाय श्रीकृष्णाचें मंदिर आहे व इतर स्थानें आहेत. विदर्भ आणि खानदेश ह्या प्रांतांतून पंथीय लोक मोठ्या संख्येनें येतात. पंजाबांत जयकृष्णी म्हणून ओळखले जाणारे महानुभावहि येतात. पंजाबी बोलणारा यात्रेकरू येथें येऊन मराठी सूत्रें म्हणतो, कारण पंथाची धर्मभाषा मराठीच आहे. ज्या फलटणाचें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित मनुष्य सईबाईंच्या माहेरावरून ओळखतो, तें अमृतसराकडील एखाद्या कुटुंबास जन्मभूमीचें तीर्थ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतें.

आतां निंबाळकरांकडे यावयास हरकत नाहीं. हें घराणें धारच्या परमारांपैकीं असून फलटणजवळच्या निंबळक गांवावरून निंबाळकर हें आडनांव पडलें, आणि १३२७ सालीं दिल्लीच्या सुलतानाकडून नाईक हा किताब व जहागीर मिळाली, अशी त्याची परंपरा आहे. बहामनी गेली, विजापूरची आदिलशाही गेली, मोंगल गेले, पेशवे गेले, इंग्रजहि गेले; मधले कांहीं खंड सोडल्यास नाईक निंबाळकर फलटणास राहिलेच. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर फलटणहि मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि सहाशें वर्षांच्या ह्या सत्तेचा शेवट झाला.

राजवाड्यास लागूनच श्रीरामाचें मंदिर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत राजघराण्यांतील सगुणाबाई ह्यांनीं तें उभारिलें. पतीच्या मागें पेशव्यांच्या दरबाराशीं झगडून राज्य राखणाऱ्या स्त्रियांची जी पिढी त्या शतकांत होऊन गेली, तिच्यांतील ह्या एक. अशा स्त्रियांच्या राजकारणाची नोंद दप्तरांत त्रोटक मिळते, परंतु देवळें आणि घाट त्यांचीं नांवें सांगत राहतात. अहिल्याबाई होळकर हें त्याचें सर्वांत मोठें उदाहरण, पण एकमेव नव्हे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे देवदिवाळीस, रामाचा रथ निघतो. लोक दोर धरून तो ओढतात, आणि नगरप्रदक्षिणा करून तो देवळाशीं परत येतो. क्योतोंतील वर सांगितलेल्या गिओनच्या देवस्थानाचाहि दरवर्षीं जुलईंत असाच रथोत्सव होतो. ८६९ सालच्या सांथीच्या वेळीं त्याचा आरंभ झाला, आणि तेथेंहि उंच लांकडी रथ लोकच दोरांनीं ओढतात. दोन्ही ठिकाणीं राजसत्ता त्या नगरांतून निघून गेली. रथ मात्र थांबले नाहींत. ओढणारे हात पूर्वींपासून प्रजेचेच होते.

निंबाळकर आणि भोसले ह्यांचा सोयरसंबंध सईबाईंच्याहि आधीचा. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे ह्यांच्या पत्नी दीपाबाई ह्या फलटणच्याच. १६४० सालीं मुधोजी नाईकांची कन्या सईबाई हिचा विवाह शिवाजीराजांशीं झाला. १६५७ सालीं पुरंदरावर त्यांच्या पोटीं संभाजीराजे जन्मले, आणि १६५९ सालीं राजगडावर त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधु बजाजी नाईक ह्यांची कथा फलटणच्या देवळांशीं वेगळ्या रीतीनें जोडलेली आहे. विजापूरच्या दरबारानें त्यांस धर्मांतर करावयास लाविलें, आणि पुढें जिजाबाईंच्या पुढाकारानें शिखर शिंगणापूर येथें शंभुमहादेवासमोर त्यांस शुद्ध करून घेण्यांत आलें, असें बखरकार सांगतात. बखरी उत्तरकालीन आहेत, व इतिहासकार त्यांतील तपशील जपूनच घेतात. परंतु बजाजींचे पुत्र महादजी ह्यांस महाराजांनीं आपली कन्या सखुबाई दिली, ही गोष्ट निर्विवाद आहे. आणि त्या काळीं लेक देणें ह्यापेक्षां पंक्तीस घेतल्याची मोठी खूण दुसरी नव्हती.

शिंगणापूरचें स्थळ ह्या कामीं निवडलें गेलें असेल, तर तें सहज नव्हे. फलटणच्या दक्षिणेस माण तालुक्यांतील डोंगरमाथ्यावरचा हा शंभुमहादेव भोसल्यांचें कुलदैवत. मालोजीराजांनीं तेथें यात्रेकरूंच्या पाण्याकरितां तळें बांधविलें. पाणी नसलेल्या त्या डोंगरावर दरवर्षीं चैत्रांत सासवडाकडून येणारी भुतोजी तेली ह्यांची मानाची कावड मुंगी घाटाच्या कड्यावरून वर चढवितात. देवास स्नान घालावयाचें पाणी कऱ्हाकांठचा एक तेली घेऊन येतो, राजा नव्हे, हें त्या यात्रेचें वैशिष्ट्य आहे. ज्यास ‘बाटला’ म्हणून समाजानें दूर लोटलें असतें, त्यास परत घ्यावयाचें तर तें अशाच देवाच्या दारांत घेणें शोभलें असतें.

आषाढांत फलटणाचें रूप आणखी निराळें असतें. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, चांदोबाच्या लिंबाजवळचें उभें रिंगण आणि तरडगांव असे मुक्काम व सोहळे करीत येथें येते, आणि पुढें बरडाकडे जाते. ह्या सोहळ्यास आजचें रूप देणारे हैबतबाबा आरफळचे, म्हणजे ह्याच जिल्ह्यांतले. मुक्कामाच्या त्या रात्रीं गांवांतील सर्व देवळांपेक्षां माळावरचा एक तंबू मोठा ठरतो.

फलटणांत दिगंबर जैनांची जुनी आणि संपन्न वस्ती आहे, व तीर्थंकरांचीं अनेक मंदिरें आहेत. त्यांचें महत्त्व केवळ शिल्पांत नाहीं. धवला आणि जयधवला हे जैन आगमांवरील टीकाग्रंथ नवव्या शतकांत वीरसेन आणि त्यांचे शिष्य जिनसेन ह्यांनीं रचिले. त्यांच्या ताडपत्रांवरील प्रती कर्नाटकांत मूडबिद्री येथें जुन्या कानडी लिपींत होत्या. शतकानुशतकें त्या पेटींतून बाहेर काढीत त्या दर्शनासाठींच; यात्रेकरू पोथीस नमस्कार करी आणि पोथी परत पेटींत जाई. वाचणारा कोणी उरला नाहीं, आणि पानें कीड खात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करण्याचें काम सुरू झालें. त्यांतून एक नकल गुप्तपणें बाहेर गेली. १९३९ पासून अमरावतीहून हिरालाल जैन ह्यांनीं धवला छापावयास आरंभ केला.

त्याच सुमारास आचार्य शांतिसागर ह्यांस मूळ पोथ्यांच्या हानीची वार्ता कळली. बेळगांवकडील भोज गांवच्या परिसरांत १८७२ सालीं जन्मलेले हे दिगंबर मुनि. अंगावर वस्त्र नाहीं, हातांत पिंछी आणि कमंडलु. कागदहि कीड खाते, म्हणून हे ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यावे, असें त्यांनीं श्रावकांस सांगितलें. त्यासाठीं जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था स्थापन झाली, देवनागरी अक्षरांत ताम्रपट कोरविले गेले, आणि ते ठेवावयास स्थान निवडलें तें फलटण. त्या संस्थेच्या ग्रंथप्रकाशन समितीनें पुढें येथूनच जैन धर्मग्रंथ छापून वांटले. १८ सप्टेंबर १९५५ रोजीं कुंथलगिरि येथें सल्लेखना व्रतानें आचार्यांनीं देह ठेविला. फलटणांतील ते पत्रे मूडबिद्रीच्या पोथ्यांहून एका बाबतींत निराळे आहेत: त्यांवरील अक्षर कोणाहि मराठी मनुष्यास वाचतां येतें.